इंग्रजीचा नंबर चौथा: जोडीनं परदेशात शिकवायला जायचं असेल तर

"आमचं इंग्रजी चांगलं आहे हो, दोघंही ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलतो. चालेल ना?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणारं जोडपं बहुधा तिशीतलं असतं, नोकरीला विटलेलं, नुकतंच थायलंड किंवा व्हिएतनामची सहल करून आलेलं. तिथल्या कुठल्यातरी कॅफेत त्यांना एक गोरा भेटलेला असतो. आठवड्याला वीस तास इंग्रजी शिकवतो आणि उरलेला वेळ मजेत राहतो. त्याला जमतं, मग आपल्याला का नाही?

आपल्यालाही जमतं. मी कॉस्टिंग खात्यात नऊ वर्षं काढली होती, नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. दोघांनी आयुष्यात कधी हातात खडू धरला नव्हता. 2017 च्या मे महिन्यात आम्ही थायलंडच्या ईशान्येकडच्या खोन केन शहरात गेलो आणि शिकवलं. पण त्या गोऱ्याची वाट वेगळी आणि आपली वेगळी. आपल्याला आधी पासपोर्ट कुठला ते विचारतात, मग पदवी, मग शिकवण्याचं प्रमाणपत्र. इंग्रजीचा नंबर चौथा लागतो. आणि जोडीनं जाणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात ठेवायची: घरी आपण 'आम्ही' असलो, तरी व्हिसाच्या खिडकीपाशी दोन सुटी माणसं असतो. दोन अर्ज, दोन करार, दोन तारखा.

'नेटिव्ह' म्हणजे कोण?

जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर हवेत', म्हणजे मातृभाषाच इंग्रजी असलेले हवेत, असं लिहिलेलं असतं. आपण समजतो, हा भाषेचा प्रश्न आहे. सरकारी नियमात मात्र बहुतेक ठिकाणी तो नागरिकत्वाचा प्रश्न असतो. दक्षिण कोरियातल्या इंग्रजी शिक्षकाच्या व्हिसासाठी सात देशांचे पासपोर्ट चालतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातल्या 2010 पासून लागू झालेल्या व्यापार करारात भारतीयांसाठी सहायक शिक्षक म्हणून एक फट ठेवलेली आहे, पण तिच्यातून जायला अधिकृत शिक्षक पात्रता लागते. नवख्यांना तिचा उपयोग नाही. चीनचाही नियम साधारण तसाच, जी भाषा शिकवायची ती मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट हवा. शिवाय जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारनं शाळकरी मुलांच्या खाजगी क्लासेसवर कडक निर्बंध आणले आणि इंग्रजीच्या क्लासचा मोठा बाजार बसला.

जपानचं गणित आणखी मजेशीर. शाळेत भाषा शिकवण्यासाठी जो व्हिसा असतो, त्याला ती भाषा माध्यम असलेलं बारा वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं. नवरा पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. म्हणजे ज्याचं स्पेलिंग आजही मी तपासते, त्याच्यासाठी जपानचं दार किलकिलं होतं आणि माझ्यासाठी पहिल्याच पानावर बंद. जोडपं म्हणून देश निवडताना अशी एकेकाची चाळणी लावावी लागते. दोघांपैकी जो कच्चा, त्याच्या कागदांवर देश ठरतो.

आखातातल्या भारतीय शाळा हा वेगळाच मामला आहे. तिथे सीबीएसईचा अभ्यासक्रम आणि बी.एड. झालेले, अनुभवी शिक्षक. दोघांतल्या एकाचं बी.एड. असेल तर त्या वाटेचा विचार जरूर करावा, पण ते शिक्षकानं नोकरी बदलणं झालं, नवं करिअर नव्हे.

उरतात मुख्यतः व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांवर वर्क परमिट मिळतं, आणि मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना भाषेच्या पातळीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. मला नीट माहीत आहे तो थायलंड, म्हणून पुढचं सगळं तिथलंच सांगते.

थायलंडमध्ये आपल्यासारख्यांना शाळेत शिकवता येतं. फिलिपिन्सचे शिक्षक तर तिथे ढिगानं आहेत. त्यांच्यासारखंच आपल्यालाही इंग्रजीच्या एखाद्या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. उदाहरणार्थ टोइक या परीक्षेत 990 पैकी साधारण 600. दिवसभर इंग्रजीत काम करणाऱ्याला हे अवघड नाही. पचायला जड जाते ती दुसरी गोष्ट. एकाच जाहिरातीत दोन पगार छापलेले असतात. नेटिव्हला 35 हजार बाट (थायलंडचं चलन), नॉन-नेटिव्हला 20 हजार. वर्ग तेच, तास तेच, कधीकधी आपली तयारी जास्तच. यावर चिडून उपयोग नाही, पण हिशेब मांडताना त्या कॅफेतल्या गोऱ्याचा आकडा धरू नका.

प्रमाणपत्राचा बाजार

टेफल, टेसॉल, सेल्टा ही नावं एकदम अंगावर येतात. त्यातली पहिली दोन प्रमाणपत्रांची जात आहे, एखादी ठरावीक परीक्षा नव्हे. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स कुणीही काढू शकतो. जगभर त्यावर लक्ष ठेवणारी एकच संस्था नाही. म्हणून कुणी काही हजारांत 120 तासांचा ऑनलाइन कोर्स देतं, तर कुणी तोच पाचपट किमतीला. सेल्टा हा मात्र केंब्रिजचा एक ठरावीक कोर्स आहे. पूर्णवेळ केला तर चार आठवडे, आणि त्यात खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं. मागे परीक्षक वही घेऊन बसलेला असतो. फी लाखाच्या पुढे. ट्रिनिटी कॉलेज लंडन या परीक्षा मंडळाचं एक प्रमाणपत्र त्याच तोलाचं मानलं जातं.

दोघांनी दोन सेल्टा करायचे म्हणजे घराचं बजेट कोलमडणार. आम्ही एकानं सेल्टा केला आणि दुसऱ्यानं स्वस्तातला 120 तासांचा. सेल्टा केलेला नवरा रोज संध्याकाळी मला वर्ग समजून शिकवायचा आणि मी त्याच्यावर पाठ घ्यायचे. लग्नाला सात वर्षं झालेल्या माणसाला 'रिपीट आफ्टर मी' म्हणताना सुरुवातीला हसू आवरत नाही. पण स्वस्त कोर्समध्ये नेमकं हेच नसतं. समोर माणूस नसतो. तुम्ही कुठला का कोर्स करा, जाण्याआधी जवळच्या एखाद्या शाळेत किंवा सोसायटीतल्या मुलांवर वीसेक तास तरी शिकवून बघा. शाळा मुलाखतीत पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावते. तिथे प्रमाणपत्र कुठलं, हे कुणी विचारत नाही.

फाईल

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. मराठी बायकांची कागदपत्रं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे.

समजा, एका बाईच्या पदवीवर नाव आहे 'जोशी अनघा श्रीकांत'. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि वेगळ्या रकान्यात आईचं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर तीच बाई 'अनघा मिलिंद फडके' आहे. आधार कार्डावर नुसती 'अनघा फडके'. आपल्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. बँकॉकमध्ये बसलेल्या कारकुनाला मात्र इथे तीन वेगळ्या बायका दिसतात. त्यांना एक करायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, कधी प्रतिज्ञापत्र, आणि नाव रीतसर बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद. विवाहाचा दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतरही. नवऱ्याच्या फाईलला यातलं काही लागत नाही. आमच्याकडे त्याची फाईल अकरा दिवसांत तयार झाली, माझी अडीच महिन्यांत.

पदवीचीही एक गंमत आहे. अनेकांकडे गुणपत्रिका असतात, महाविद्यालयानं दिलेला 'उत्तीर्ण झाल्याचा तात्पुरता दाखला' असतो, पण दीक्षान्त समारंभाचं खरं प्रमाणपत्र कधी आणलेलंच नसतं. नोकरीत कुणी मागितलं नाही, म्हणून राहून गेलेलं. ते विद्यापीठातून काढा. मग त्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, नंतर परराष्ट्र मंत्रालयाचा. भारत 2005 पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. अपोस्टिल म्हणजे एकाच शिक्क्यात सगळ्या सदस्य देशांना मान्य होणारी खातरजमा. आपण जाणार तो देश करारात नसेल, तर त्याच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. तो सगळ्यात शेवटी काढा, कारण त्याला वयोमर्यादा असते. जुना झाला की चालत नाही.

दोन माणसं, दोन व्हिसा

थायलंडमध्ये नोकरी देणारी शाळा आधी कागद पाठवते, त्यावर तुम्हाला भारतातूनच नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा मिळतो. तो सुरुवातीला 90 दिवसांचा. तिथे गेल्यावर वर्क परमिट, मग एक वर्षाची मुदतवाढ. शिक्षकाचा परवाना नसेल तर शाळा 'खुरुसफा'कडून, म्हणजे तिथल्या शिक्षक परिषदेकडून, दोन वर्षांची तात्पुरती परवानगी काढते. खुरुसफा हा शब्द सावकाश म्हणून बघा. गुरुसभा! शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो आपला गुरू. प्राथमिक शाळा 'प्रथोम', माध्यमिक 'मत्थयोम'. पहिल्या आठवड्यात एवढ्या ओळखीच्या शब्दांनी मला उगाच घरच्यासारखं वाटलं होतं. लिपी बघितली की ते वाटणं लगेच उतरतं.

दोघांना एकाच वेळी, एकाच गावात नोकरी मिळणं कठीण. आधी एकाला मिळते. अशा वेळी दुसऱ्याला जोडीदार म्हणून 'ओ' व्हिसा मिळू शकतो, त्यासाठी पुन्हा तो विवाहाचा दाखला. पण या व्हिसावर काम करता येत नाही. एक तासही नाही. आणि इथेच जोडपी फसतात, कारण शाळेला तुम्ही दोघं दिसत असता. मला नोकरी लागली आणि नवरा 'ओ'वर आला, तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या समन्वयक बाई गोड हसून म्हणाल्या, "यांना घरी बसून कंटाळा येत असेल ना? कागद होईपर्यंत दोन वर्ग घेऊ देत की." तिकडे सगळेच इतकं हसून बोलतात की नाही म्हणणं जिवावर येतं. तरी नाही म्हणालो. वर्क परमिटशिवाय शिकवणं हा गुन्हा आहे. तपासणी झाली तर शाळा हात वर करते आणि देश सोडावा लागतो तो शिक्षकाला. पर्यटक व्हिसावर 'आधी या, मग बघू' म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर.

व्हिसाचा प्रकार बदलून नवऱ्याच्या हातात वर्क परमिट पडायला ऑगस्ट उजाडला. तोवर घरात एकच पगार. या काळाची तरतूद आधीच करून ठेवा. घरभाड्याला तिथे दोन महिन्यांची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं एकदम द्यावं लागतं, आणि पहिला पगार महिना संपल्यावर. आम्हाला मिळून महिन्याला 42 हजार बाट मिळायला लागले, तेव्हा एका बाटचे साधारण दोन रुपये पडत होते. भाडं साडेसहा हजार. खाणं स्वस्त, पण घरचा वरणभात हवा तर तूरडाळ बँकॉकहून मागवायची, म्हणजे ते महाग. दोन पगारांत चैनीत राहिलो, शिल्लक मात्र पुण्यात पडायची त्याच्या निम्मीसुद्धा पडली नाही. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर हा आकडा दोनदा वाचा.

करारात महिने किती ते बघा. थाई शाळा मेच्या मध्यावर सुरू होते, मार्चमध्ये संपते. काही करार बारा महिन्यांचे असतात, बरेच दहाच महिन्यांचे. दोघांचेही दहा महिन्यांचे असतील तर ऐन उन्हाळ्यात दोन महिने घरात शून्य. शिवाय माझं मत असं की दोघांनी एका शाळेत नोकरी करू नये. बरं वाटतं, स्कूटरवर एकत्र जाता येतं, पण शाळेचं आणि एकाचं बिनसलं की दोघांचे व्हिसा धोक्यात. तिथली मुदतवाढ नोकरीला बांधलेली असते. नोकरी संपली की तीही संपते.

आणखी दोन गोष्टी, ज्या तिथे गेल्यावरच कळतात. दर 90 दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. आणि मुदतवाढ चालू असताना देशाबाहेर जायचं तर आधी 'री-एंट्री परमिट' घ्यावं लागतं, एका फेरीचं हजार बाट. न घेता भाच्याच्या मुंजीला घरी आलात, तर विमान उडताच वर्षभराचा व्हिसा रद्द.

एजंटांविषयी थोडक्यात. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याची फी 30 हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त नाही. 2022 मध्ये आपल्याच परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमध्ये संगणकावरच्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीला नेलं गेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. शाळेचं नाव, गाव आणि इयत्ता जो सांगत नाही, त्याला पासपोर्टची प्रतसुद्धा पाठवू नये.

येस टीचर

माझा पहिला वर्ग मत्थयोम दोनचा, म्हणजे आपली आठवी. सेहेचाळीस मुलं. मी फळ्यावर चालू वर्तमानकाळ लिहिला आणि तो कधी वापरतात ते दहा मिनिटं छान समजावून सांगितलं. इंग्रजीत. मुलं शांत, माना डोलावतायत. शेवटी विचारलं, "अंडरस्टँड?" सेहेचाळीस तोंडांतून एका सुरात, "येस टीचर!" मला क्षणभर आमची शाळा आठवली. "समजलं का?" "हो बाईऽऽ!" आणि मग एकदम लक्षात आलं की तेव्हा आम्हाला काय समजलेलं असायचं.

आपण इंग्रजी शिकलो ते मराठीतून, नियम पाठ करून आणि भाषांतर करून. तिथे आपल्याला थाई येत नाही, म्हणजे भाषांतराचा आधारच नाही. म्हणून पद्धत उलटी करावी लागते. आधी प्रसंग, मग वाक्य, मग सगळ्यांनी मिळून म्हणणं, मग जोड्या करून बोलणं, आणि नियम जमलाच तर शेवटी. आणि 'समजलं का' हा प्रश्न तोंडातून हद्दपार. त्याऐवजी अर्थ पकडणारे छोटे प्रश्न. 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक' शिकवलं, तर पुढे विचारायचं: मी आत्ता नाशिकला राहते का? नाही. पूर्वी राहत होते का? हो. एकच दिवस की बरीच वर्षं? ज्याला ही तीन उत्तरं देता आली, त्याला ते वाक्य कळलं. नियम सांगता आला नाही तरी चालेल.

उच्चारांनी माझी फजिती केली. प्राण्यांच्या धड्यात प्राणिसंग्रहालय आलं. मी म्हणायचे 'झू'. थाईत तो आवाजच नाही, त्यामुळे मुलं म्हणायची 'सू'. आणि पुस्तकाबरोबरची सीडी तिसरंच काहीतरी म्हणायची. शेजारच्या वर्गातल्या फिलिपिनो बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मधमाशीसारखा आवाज काढ. घरी येऊन तोंडातल्या तोंडात घोळवत बसले आणि लक्षात आलं की तो आवाज आपल्याकडे जवळपास आहेच. 'जीवन'मधला ज नव्हे, 'जागा' आणि 'जोर' यांतला ज. 'झू' सोडून तो ज धरला की काम होतं. 'व्हेरी' आणि 'वेअरी' यांच्यातला फरकही मला तिथेच, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, आरशासमोर उभं राहून शिकावा लागला. ओठाला दात लागतात की नाही, एवढाच तो फरक. 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' आणि 'डू द नीडफुल' ही आपली लाडकी वाक्यं गाळायला मात्र वर्ष गेलं.

एक सोय आपल्याकडे आहे, जी नेटिव्हांकडे नसते. आपण ही भाषा शिकलेलो आहोत. मूल कुठे अडखळणार ते आपल्याला आधीच दिसतं, कारण तिथे आपणही पडलो होतो. 'ए' आणि 'द' कुठे लावायचं हा प्रश्न थाई मुलाइतकाच मराठी मुलालाही छळतो, दोन्ही भाषांत ती भानगडच नाही. माझ्या शाळेतला मँचेस्टरचा मुलगा, अतिशय गुणी, याचं कारण कधी सांगूच शकला नाही. "ऐकायला बरोबर वाटतं," एवढंच म्हणायचा.

फेब्रुवारीत शाळा विचारते, पुढच्या वर्षी राहणार का? प्रश्न दोघांना वेगवेगळा येतो आणि उत्तरंही तशीच येऊ शकतात. मी हो म्हटलं. नवऱ्याला त्याची शाळा नकोशी झाली होती, पण गाव आवडलं होतं. त्यानं तिथल्याच दुसऱ्या शाळेत नोकरी धरली. वर्क परमिट मालकाच्या नावावर असतं, त्यामुळे मालक बदलला की सगळं पहिल्यापासून. एप्रिलच्या कडक उन्हात तो लाओसचा व्हिसा काढून सीमेवरच्या नोंग खायपर्यंत गेला, पूल ओलांडून लाओसच्या राजधानीत, व्हिएनतियानच्या थाई वकिलातीत नव्या 'बी' व्हिसाच्या रांगेत उभा राहिला. पदवी, शिक्के, पोलिसांचा दाखला, नव्या शाळेची पत्रं. मी सवयीनं फाईलमध्ये आमच्या लग्नाचा दाखलाही घातला होता. खिडकीतल्या बाईंनी तो उघडून बघितला आणि 'याची गरज नाही' म्हणून परत दिला.